दगडाचे खळे

खडू आणि खडी या दोन शब्दांत काय तो एका उकाराचा आणि वेलांटीचा फरक. वीस वर्षे मी पहिल्याच्या जिवावर पोट भरीत आलो. दुसरीशी माझा संबंध रस्त्यावर गाडी घसरण्यापुरताच होता. दोन वर्षांपूर्वी मात्र ही दुसरी आमच्या घरात शिरली आणि मग घरात दुसरा विषय राहिला नाही. जेवताना खडी, झोपताना खडी. माझी अर्धी लिहून झालेली कादंबरी टेबलावर धूळ खात पडली. धूळ हा शब्द या लेखात पुढे बऱ्याच वेळा यायचा आहे, तेव्हा तो इथेच एकदा येऊन गेला हे बरे झाले.

आमचे गाव माण तालुक्यातले. सातारा जिल्हा म्हटला की लोकांना महाबळेश्वरचा पाऊस आठवतो. आम्ही त्याच जिल्ह्याच्या पूर्व अंगाला राहतो, आणि महाबळेश्वरावर रिकामे झालेले ढग आमच्या डोक्यावरून नुसते वरातीसारखे मिरवत जातात. गावाच्या उगवतीला एक टेकडी आहे. तिची एक सोंड दक्षिणेला उतरते आणि पुढे मावळतीकडे वळते. बसलेल्या हत्तीने सोंड दुमडून घ्यावी तशी. या सोंडेच्या दोन्ही अंगांना मिळून सात एकरांचा एक तुकडा आमचा आहे. सात-बाऱ्यावर तो बहुतेक सगळा पोटखराबा. कुसळी गवत, तरवड आणि काळा दगड एवढेच त्याचे उत्पन्न. वडील गेल्यावर तो आईच्या नावावर झाला, तेव्हा तलाठ्यानेसुद्धा नोंद करताना एक सुस्कारा टाकला होता.

तर दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तालुक्याच्या गावचे एक रस्त्यांचे कंत्राटदार सोने द्यायच्या निमित्ताने घरी आले. आपट्याची पाने आईच्या हातावर ठेवली, पाया पडले, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, की तो माळ आम्हांला दहा वर्षांच्या कराराने द्या. खडीचे यंत्र बसवायचे आहे. वर्षाला भाडे, शिवाय निघालेल्या दगडावर ब्रासमागे काही. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आमच्याकडे वाळू, मुरूम, खडी सगळे ब्रासनेच मोजतात.

माझे थोरले बंधू शेती बघतात. दोन उन्हाळे त्यांची विहीर आटलेली होती आणि सोसायटीचे कर्ज थकलेले होते. कंत्राटदारांची जीप वळणाआड गेल्याबरोबर दादा म्हणाले, ''दगडाला भाडं येतंय म्हटल्यावर आनखी काय पायजे?'' मला आनंद झाला नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाने, विहिरीच्या तळाशी गाळ बघणाऱ्या माणसाला टेकडीच्या शोभेबद्दल काही सांगू नये, एवढे मला कळते. माझी काळजी निराळी होती. आमची शाळा गावाच्या उगवतीच्या टोकाला आहे. शाळा आणि तो माळ यांच्यामध्ये एक ओढा आणि चार शेते, एवढेच अंतर.

आई मात्र काहीच बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, ''जागा कंची, ती आदी दावू द्या त्यास्नी. मग बघू.''

जागा दाखवायला जो तरुण इंजिनियर आला तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. चौथीत असताना हा मुलगा शाळेच्या मागे चिखलाची धरणे बांधीत असे. आता हातात दुर्बीण आणि बरोबर फक्कीची पिशवी घेऊन आला होता. आईला वाकून नमस्कार करून तो म्हणाला, ''आजी, तुम्ही पण चला. कुठं काय बसणार ते दाखवतो.''

त्याच्यामागून मी माळावर हिंडलो तेव्हा मला पहिल्यांदा समजले, की यंत्र बसवणे हे शेवटचे काम आहे. खरे काम त्याच्या आधीचे. आम्ही कादंबरी लिहिणारे पात्रांच्या जन्मगावापाशी जेवढे अडून बसतो, त्याहून अधिक हे लोक एका उतारापाशी अडून बसतात. कारण सगळा खेळ उताराचा आहे. खाणीतून आलेला डबर टिपरने वरून टाकायचा, आणि दगडाने आपल्या वजनाने खाली खाली येत लहान व्हायचे. म्हणजे टिपरला वर चढून जायला धक्का हवा. धक्क्याला उभी भिंत हवी, कारण मागच्या मातीचा आणि वरच्या गाडीचा भार तिच्यावर येतो. धक्क्यावर जाणारा रस्ता दहा फुटांत एक फुटाहून अधिक चढता नको. भरल्या टिपरचा दम निघतो आणि पावसात चाक फिरते. आयता उतार सापडला तर निम्मे पैसे वाचतात. सपाट रान घेतले तर तो उतार मातीने उभा करावा लागतो.

''आणि यंत्र म्हणजे तरी काय रं?'' आईने विचारले.

''आजी, आधी आडकित्ता, मग जातं, मग चाळण,'' तो म्हणाला.

इतकी सोपी व्याख्या मी वर्गात कधी केलेली नाही. पहिल्या यंत्रात एक जबडा जागच्या जागी उभा असतो, दुसरा मागेपुढे होतो, आणि मध्ये सापडलेला दगड सुपारीसारखा फुटतो. दुसऱ्यात एक लोखंडी शंकू वाडग्यासारख्या घेरात डुलत फिरतो आणि कडेला आलेला दगड भरडतो. मग थरथरणाऱ्या चाळण्या. वीस मिलिमीटरची खडी एका पट्ट्यावर, दहाची दुसऱ्यावर, कच तिसऱ्यावर. ज्याचे त्याचे ढीग वेगळे. हे पट्टेसुद्धा अठरा-वीस अंशांहून अधिक तिरपे ठेवता येत नाहीत; दगड माघारी घरंगळतो. ढिगाचेही तसेच. खडी वरून पडू दिली की ती आपल्या स्वभावानुसार पस्तीस-चाळीस अंशांची रास करते. तिला त्याहून उभे राहायला सांगून उपयोग नाही. म्हणून ढिगाची उंची ठरली की खालची जागा आपोआप ठरते. हे सगळे त्याने काठीने मातीत काढून दाखवले.

आई बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ''वरनं वतायचं, झोडपायचं, चाळायचं, राशी लावायच्या. दगडाचं खळंच की रं हे.''

हा जबडा ज्याने शोधून काढला त्याची हकीकत मी नंतर मुद्दाम वाचली. एली व्हिटनी ब्लेक नावाचा अमेरिकन. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राशी ज्याचे नाव जोडले गेले त्या एली व्हिटनीचा हा भाचा. १८५२ च्या सुमारास न्यू हेवन गावातल्या एका रस्त्याचे काम त्याच्याकडे आले. त्या काळी रस्ते मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या पद्धतीने होत. मोठे दगड न घालता लहान, टोकदार, एकमेकांत गुंतणारी खडी पसरायची. एका खड्याचे वजन सहा औंसांच्या, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमच्या आत. पण ही खडी फोडायची हातोड्यानेच. माणसे दिवसेंदिवस दगडासमोर बसून असतात हे ब्लेकने पाहिले आणि त्यावर काही वर्षे डोके चालवले. १८५८ साली त्याला यंत्राचे पेटंट मिळाले. त्यात बारीकसारीक सुधारणा पुढे पुष्कळ झाल्या. अडकित्त्याची कल्पना तीच राहिली.

पण ब्लेकचे यंत्र आमच्या माळावर पोचायला फार वर्षे लागली. १९७२ च्या दुष्काळात इथे खडी फुटली ती हातोड्याने, आणि फोडणाऱ्यांत माझी आई होती.

त्या वर्षीच्या वैशाखात तिचे लग्न झाले. वय सतरा. सासरी पाऊल टाकले ते पावसाने दडी मारलेल्या सालात. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती असे मी वाचले आहे. आई त्या पन्नास लाखांतली एक. सोंडेच्या पलीकडे, दक्षिणेच्या बाजूला, एक खोलगट जागा आहे. तिथे वडार लोक सुरुंग लावून दगड उकरत आणि बायाबापड्या ओळीने बसून तो फोडत. टायरच्या रबराचे कडे करायचे, त्यात दगड धरायचा आणि हातोडी मारायची. कडे निसटले की हातोडी बोटावर. आईच्या डाव्या अंगठ्याचे नख अजून वाकडेच उगवते. ती आणि वडील, दोघे मिळून आठवड्यात ब्रासभर खडी होई. मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. शेजारच्या ओढ्यावर पाझर तलाव झाला तोही त्याच सालचा.

मी इंजिनियरला विचारले, तुझे यंत्र तासाला किती फोडील? तो म्हणाला, शंभर टन. म्हणजे बावीस ब्रास धरा. मी मनात हिशेब केला. माझ्या आईवडिलांचे पाच महिने एका तासात. हे मी आईला सांगितले तेव्हा ती हळवी होईल अशी माझी, म्हणजे माझ्यातल्या कादंबरीकाराची, अपेक्षा होती. ती म्हणाली, ''बरं झालं. बायकांच्या बोटास्नी आराम पडला.''

आखणी झाली ती सोंडेच्या अलीकडे, गावाच्या उगवतीला. कारणे उघड होती. डांबरी सडक जवळ, विजेची तार जवळ, उतार आयता, आणि दगड तर डोळ्यांसमोर उघडाच पडलेला. इंजिनियरने वाऱ्याचाही विचार केला होता. पावसाळ्यात आमच्याकडे पश्चिमेचे वारे इतके मोठे असते की कौले हलतात. यंत्र गावाच्या पूर्वेला बसले तर धूळ गावाकडे न येता पलीकडे जाईल, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. मलाही तो पटला होता.

आई फक्कीच्या रेघेवर उभी राहिली आणि म्हणाली, ''पावसाळ्यात यंत्र चालतं का?''

''पावसाळ्यात काम मंदच असतं, आजी. खाणीत पाणी साचतं, रस्त्यांची कामं पण थांबतात.''

''आणि धुरळा?''

''पावसात कुठला धुरळा?''

''मग पावसाळ्याचं वारं कशापायी मोजलंस?''

तो गप्प झाला. मग आईने जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. ''बाजरी खळ्यावर येती कार्तिकात. तवा वारं उगवतीचं. वावडीवर हुबं ऱ्हाऊन उफणलं का भुसकाट मावळतीला जातं. जोंधळा येतो फागुणात. तवा दुपार कलली का वारं मावळतीचं सुटतं, भुसकाट उगवतीला जातं. पन्नास वर्सं मी ह्या दोन खळ्यांवर पाटी हातात घिऊन हुबी हाय. हितनं धुरळा उठला का कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, तीन म्हैने गावात येणार. आणि थंडीचं वारं जड असतंय, वर जात न्हाई. शाळंच्या खिडकीतनं आत.''

''मग आजी, भुसकट कुठं कधीच गेलं नाही?''

''दक्षिणंला,'' आई म्हणाली आणि सोंडेकडे बोट केले. ''त्या पल्याड न्हे तुजं खळं.''

वाऱ्याची मोजणी करणाऱ्या खात्याची पुस्तके मी नंतर चाळली. पावसाळा संपला की दख्खनच्या पठारावर पूर्व-ईशान्येचे वारे वाहू लागतात हे त्यांत दिलेले आहेच. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे धूर, धूळ खालीच रेंगाळते हेही आहे. ज्ञान एकच, एक तक्त्यात होते, दुसरे सुपात.

पण पलीकडे जायचे म्हणजे अर्धा मैल नवा रस्ता, विजेचे जादा खांब, आणि वळसा. कंत्राटदारांनी आकडा काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. ''आत्याबाई,'' ते आईला म्हणाले, ''धुळीवर पाणी मारू की आम्ही. कायद्यातच आहे.'' कायद्यात आहे हे खरे. पर्यावरण संरक्षणाच्या १९८६ च्या नियमांत खडी यंत्रांसाठी वेगळे कलम आहे: यंत्रांवर धूळ दाबण्याची सोय, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, जमीन झाडून ओली ठेवणे, आणि कडेने झाडांचा पट्टा. यंत्रापासून तीन ते दहा मीटरांवर मोजले तर घनमीटरभर हवेत ६०० मायक्रोग्रॅमांहून अधिक धूळ नको. नियम वाचून मला धीर आला, पण फवाऱ्याला पाणी लागते आणि आम्ही माणात राहतो. माणसांना जिथे टँकर लागतो तिथे दगडांना आंघोळ कोण घालणार? आई म्हणाली, ''जागा हलवा, न्हाईतर सही न्हाई.''

ते उठून गेले. शेजारच्या गावात दुसरी जागा बघत आहेत असे कानावर आले. दादा आईशी बोलेनासे झाले. ताट वाढले की घ्यायचे, उठून जायचे. वहिनी मध्ये पडल्या तर त्यांच्यावर डाफरायचे. एका रात्री ओसरीवर मला म्हणाले, ''तुजं काय जातंय? तुजा पगार वाऱ्यावर न्हाई.'' यावर मी काय बोलणार? दादांचा मुलगा त्याच शाळेत तिसरीत होता, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. महिनाभर घरात असा मुका दुष्काळ पडला होता.

गाडे हलले ते वाऱ्यामुळे नव्हे, दगडामुळे. पलीकडच्या वस्तीवर एक वडार म्हातारा राहतो. १९७२ ला त्या कामावर सुरुंग भरायला होता. आता ऐंशीच्या घरात आहे. नातू पोकलेन चालवतो. या नातवानेच एके दिवशी त्याला कंत्राटदारांकडे नेले. म्हातारा सोंडेच्या अलीकडच्या दगडापाशी गेला, हातोडीने टोला दिला आणि कान लावला. आवाज बदबदीत. ''ह्यो दगूड फुटंल, पर टिकायचा न्हाई. आत पांढरी गाठ हाय.'' पलीकडे खोलगटात नेऊन टोला दिला, घंटेसारखा खणकला. ''ह्यो निब्बर. आमी त्या वर्साला उगंच हितं न्हाई बसलो.''

आपला सगळा सह्याद्री आणि पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचे आहे हे मी मुलांना दरसाल शिकवतो. पण थर सगळे सारखे नसतात. काही थरांत वायूचे बुडबुडे राहिले आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. शोभेच्या दगडांच्या दुकानात त्यांना किंमत येते; रस्त्याखाली येत नाही. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टाही असतो. कंत्राटदारांनी दोन्हीकडे भोके पाडून पाहिली. अलीकडे बारा फुटांवर तो तांबडा पट्टा लागला. पलीकडे सलग काळा पाषाण. नमुने प्रयोगशाळेत गेले. तिथे चौदा किलोचा हातोडा पंधरा वेळा वरून सोडतात आणि किती चुरा झाला ते चाळून बघतात. रस्त्याच्या वरच्या थराला तो शेकडा तीसच्या आत हवा. पलीकडचा दगड सहज पास झाला.

आठ दिवसांनी कंत्राटदार पेढे घेऊन आले. अर्धा मैल रस्त्याचा खर्च आता त्यांना एवढा जड वाटत नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. वाऱ्यासाठी कोणी रस्ता लांब करीत नाही. आईने पेढा घेतला आणि करारात आणखी तीन गोष्टी घालायला लावल्या. फवाऱ्याला पाणी नसेल त्या दिवशी यंत्र बंद. जागा साफ करताना निघालेली वरची माती टिपरने कुठे विकायची नाही. एका कडेला ढीग लावून ठेवायची. आणि आवारातले पावसाचे पाणी सरळ ओढ्यात सोडायचे नाही, कारण ते खाली पाझर तलावात जाते. मध्ये खड्डे करून गाळ बसवायचा आणि मग सोडायचे. ही शेवटची अट इंजिनियरने सुचवली असे तो म्हणतो. आई म्हणते तिने. मी तिथे होतो, पण या वादात पडत नाही.

परवानग्यांना वर्ष गेले. ग्रामसभेचा ठराव, तहसील, खाणीचा परवाना, प्रदूषण मंडळाची उभारणीची संमती आणि नंतर चालवण्याची वेगळी संमती. या कागदांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ज्यांनी सरकारी कचेरी पाहिली आहे त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांनी पाहिली नाही ते सुखी आहेत.

गेल्या हिवाळ्यात काम सुरू झाले. मी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसत असे. पोकलेनने आधी वरचा हातभर मातीचा थर खरवडला, आणि करारात होते तशी त्याची रास लागली. मग मुरूम. तो धक्क्यात आणि आवारात दाबून बसवला. त्याखाली दगड लागेपर्यंत पाया उकरला. जबड्याचे यंत्र दर मिनिटाला शेकडो हिसके देते. पाया नुसता मजबूत असून भागत नाही, जड असावा लागतो, नाहीतर यंत्र आपल्याबरोबर पायालाही नाचवते. लाकडी साच्यात बोल्टांसाठी खळगे सोडून काँक्रीट ओतले. एक गंमत तिथे बघितली. या काँक्रीटला खडी लागते. खडीच्या यंत्राचा पहिला घास दुसऱ्याच्या खडीचा! वीस मैलांवरून ती आली, तेव्हा कंत्राटदारांनी टिपरवाल्याला पैसे देताना तोंड केवढे केले होते!

मग अठ्ठावीस दिवस थांबणे. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांची धरतात. वर मातीचे वाफे करून पाणी कोंडले होते. टँकर यायचा, पाणी पिऊन काँक्रीट पक्के व्हायचे. त्या दिवसांत माळावर एवढी शांतता असे की टिटवीने वाफ्याच्या कडेला येऊन पाणी प्यावे. त्या चार आठवड्यांत दादा रोज संध्याकाळी तिथे चक्कर मारू लागले. पुढे त्यांनीच वारा अडवायच्या भिंतीच्या कडेने कडुनिंब आणि करंज लावायचे काम अंगावर घेतले. आईशी बोलणे सुरू झाले ते याच रोपांच्या पाण्यावरून.

यंत्र जोडताना इंजिनियरने मला दोन गोष्टी दाखवल्या. जबड्याला आतून मँगनीजच्या पोलादाची अस्तरे असतात. १८८२ साली हॅडफिल्ड नावाच्या इंग्रजाने हे पोलाद शोधले. त्याचा गुण असा की ते मार खाईल तितके वरून कठीण होते. दुसरी गोष्ट जबड्याच्या मागे असलेली एक आडवी पट्टी. दगडाबरोबर चुकून पोलादी दात किंवा पहार आत गेली, तर काहीतरी मोडणार हे नक्की. काय मोडावे ते आधीच ठरवून ठेवलेले असते. ही पट्टी मोडते आणि बाकीचे यंत्र वाचते. त्या पट्टीकडे बघताना मला आमच्या वहिनींची आठवण झाली. ते मी तिथे बोललो नाही.

ज्येष्ठात यंत्र चालवून पाहिले. आधी दोन दिवस रिकामे. मग नारळ फुटला, आणि पोकलेनवरच्या नातवाच्या आजोबाला कंत्राटदारांनी पहिला दगड हॉपरमध्ये टाकायला सांगितला. म्हाताऱ्याने दगड उचलला, पालथा करून पाहिला आणि हातोडीने एकदा वाजवला. मग टाकला. आवाज झाला तो मी वर्णन करू शकणार नाही. पट्ट्याच्या टोकाला खडी पडू लागली. आईने पुढे होऊन मूठभर घेतली, बोटांनी चाचपली. ''कोर हाय,'' म्हणाली. फवारे चालू होते. थोडी धूळ तरी उठलीच. ती मावळतीच्या वाऱ्याबरोबर उगवतीला गायरानावर गेली. आईने भुवईवर हात धरून ती शेवटपर्यंत जाताना बघितली.

बेसाल्टच्या धुळीत मोकळी सिलिका फार कमी असते. ग्रॅनाइटच्या किंवा वाळूच्या दगडाच्या खाणीत फुप्फुसाचा जो भयंकर रोग होतो त्याचे भय इथे त्या मानाने थोडे. म्हणून ती धूळ मुलांनी खावी असे नाही. आणि यंत्रावर उभ्या असणाऱ्या पोरांचे काय, हा प्रश्न जागा हलवून सुटलेला नाही. त्यांना तोंडाला बांधायला दिलेले असते. दुपारी ते सगळ्यांच्या गळ्यात लोंबत असते. मी चारदा सांगितले. ते ''व्हय गुरुजी'' म्हणतात आणि मी पाठ फिरवली की काढतात.

पावसाळ्यात काम जवळजवळ बंद होते. बाजूला लावलेल्या मातीच्या ढिगावर आईने हुलगे फेकले होते. ते गुडघाभर आले आहेत. गाळाचा पहिला खड्डा भरला, तो उपसला. पाझर तलावात यंदा थोडे पाणी आहे. दादांनी सोसायटीचा एक हप्ता भरला.

आता बाजरी काढणीला आली आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा उगवतीचे वारे सुटलेले असेल आणि यंत्र पुन्हा चालू झालेले असेल. शाळेच्या पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांत एकेक काळी पाटी ठेवायचे आम्ही ठरवले आहे. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची आणि शाळा सुटताना तिच्यावर बोट ओढून बघायचे. रेघ उठली की वहीत तारीख घालायची. चौथीच्या मुलांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. पहिल्या आठवड्याची पाळी दादांच्या मुलाची होती. आई म्हणते, ती पाटी घरी आणून तिला पण दाखवायची.